सुटकेनंतरचे नव्वद दिवस



स्वामी रामानंद तीर्थांच्या स्मरणार्थ बोलायला उभं राहायचं आणि विषय घ्यायचा तुरुंगातून सुटलेल्या टोळीतल्या पोरांचा, हे काहींना खटकेल. विषय सांगितला तेव्हा संयोजकही फोनवर जरा गप्प झाले होते. पण स्वामीजींच्या पिढीला तुरुंग परका नव्हता. 1938 च्या सत्याग्रहात आणि पुढे मुक्तिसंग्रामात त्या पिढीतली माणसं निजामाच्या तुरुंगात गेली. ती परत आली तेव्हा गावानं हार घातले. पुढे सरकारनं त्यांना ताम्रपट दिले, सन्मान निवृत्तिवेतन दिलं, एसटीचा पास दिला. स्वातंत्र्यसैनिक आणि वाळूच्या ट्रॅक्टरवरचा पोरगा यांना मी एका मापानं मोजत नाही. एवढंच सांगतो की तुरुंगातून परतणाऱ्या माणसाला हात कसा द्यायचा, हे आपल्या सरकारला येतं. एकदा ते नीट करून झालेलं आहे.

परभणीत तुरुंगाबद्दल बोलायचं आणि सोमनाथ सूर्यवंशींचं नाव घ्यायचं नाही, असं करता येणार नाही. डिसेंबर 2024 मध्ये आपल्या शहरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि धरपकड झाली. कायद्याचं शिक्षण घेणारे सोमनाथ त्यात पकडले गेले. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्यांचा मृत्यू झाला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. त्या प्रकरणाचा निकाल न्यायालयातच लागेल. तेव्हापासून परभणीकर कोठडीत काय होतं हे विचारू लागले, हे चांगलंच झालं. आज मला कोठडीच्या दाराबाहेरचं बोलायचं आहे.

देशभरातल्या कैद्यांचा 2022 चा हिशेब पाहा. एकूण कैदी 5,73,220. त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. चारातले तीन. जिल्हा कारागृहात तर मुख्यतः हेच लोक असतात, कारण लांब शिक्षा झालेला माणूस हर्सूलला किंवा नाशिकरोडला जातो. परभणीच्या जेलातून सुटणारा पोरगा शिक्षा भोगून सुटत नाही, तो जामिनावर सुटतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण सुटलेल्या कैद्याच्या पुनर्वसनाचा आपला सगळा विचार शिक्षा भोगून आलेल्या माणसाभोवती बांधलेला आहे.

आता एक पोरगा डोळ्यांसमोर आणा. नाव देत नाही; गोदाकाठच्या कुठल्याही गावात असे पाच-सात सापडतील. वय वीस. बारावी नापास किंवा पहिल्या वर्षात कॉलेज सोडलेलं. रात्री नदीत वाळू उपसायला केनी चालते, तराफे चालतात, ट्रॅक्टर आणि हायवा भरतात. हा पोरगा वाळू भरत नाही. तो ‘लोकेशन’ देतो. तहसीलच्या फाट्यावर टपरीशी मोटारसायकल लावून बसायचं आणि तहसीलदारांची गाडी कुठल्या रस्त्याला लागली ते ग्रुपवर टाकायचं. रात्रीचे पैसे रोख. वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो, त्यात कोपऱ्यात याचाही फोटो असतो. आपल्या बापाचा फोटो कधी कुठल्या फ्लेक्सवर आला नाही, हे त्याला ठाऊक असतं. मग एखाद्या रात्री पथकाशी झटापट होते, तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर जातो. गुन्ह्यात चोरी लागते, सरकारी कामात अडथळा लागतो, कधी त्याहून जड कलम लागतं. ट्रॅक्टरचा मालक सापडत नाही. लोकेशनवाला सापडतो.

महिन्या-दोन महिन्यांनी जामीन मंजूर होतो. पण जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला असं नसतं, हे इथल्या वकीलमंडळींना मी सांगायला नको. जामीनदार लागतो. त्याच्या नावावर सातबारा लागतो, नाहीतर तहसीलचा ऐपतीचा दाखला. कोर्टात उभं राहायला त्यानं एक दिवसाची मजुरी सोडायची. ज्याचा बाप दुसऱ्याच्या शेतात सालगडी आहे, त्याला सातबारावाला जामीनदार कोण देणार? भावकी म्हणते, आम्हाला यात ओढू नका. मग जामीनदार येतो तो ट्रॅक्टरच्या मालकाकडून. वकिलाची फीही तिकडूनच गेलेली असते. पोरगा आत असताना घरी गव्हाचं पोतं कुणी टाकलं, हे आई त्याला मुलाखतीच्या खिडकीतून आधीच सांगून गेलेली असते.

सुटकेचा आदेश जेलात पोचतो, कागद तपासले जातात, आणि पोरगा बाहेर येतो तेव्हा बहुतेक वेळा संध्याकाळ झालेली असते. अंगावर पकडलं तेव्हाचेच कपडे. मोबाइल मुद्देमालात जमा. मोटारसायकल पोलीस ठाण्याच्या आवारात गंजतेय. खिशात पैसे नाहीत, कारण कच्च्या कैद्याला जेलात सहसा कामही नसतं आणि मजुरीही नसते. गावाकडची शेवटची एसटी निघून गेलेली. दाराबाहेर एक गाडी उभी असते. ती कुणाची ते सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे. सुटलेल्या तरुणासाठी जी सेवा सरकारनं उभी करायला हवी, ती टोळीनं कधीच उभी केली आहे. वकील, जामीनदार, घरी शिधा, दारात वाहन, दुसऱ्या दिवसापासून काम. तिला अर्ज नाही, दाखला नाही, आधार लिंक नाही. निधीही कमी पडत नाही, वाळूतून येतो. फेड मात्र पुढची पाच-दहा वर्षं चालते. याच सेवेचं वरच्या दर्जाचं रूप आपण 2021 मध्ये तळोजा ते पुणे रस्त्यावर पाहिलं. एक टोळीप्रमुख सुटला आणि त्याच्या मागे शेकडो गाड्यांचा ताफा निघाला. पोलिसांनी गुन्हे दाखल केले, पण त्या ताफ्याच्या व्हिडिओवर लाखो पोरांच्या नजरा खिळल्या होत्या. त्यांनी त्यातून काय घेतलं ते गुन्हे दाखल करून पुसता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पोरगा सरळ चालायचं म्हणाला, तर काय होतं तेही बघा. दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी. कोर्टाच्या तारखा, त्याही कामाच्या दिवशी. एमआयडीसीत नाहीतर सुरक्षारक्षकाच्या नोकरीत चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. त्यात गुन्हा दिसतो. मानवत-सेलूच्या जिनिंगला दाखला मागत नाहीत, पण जिनिंग हंगामापुरतं. उरलेले महिने काय? सरळ वाटेवर पावलोपावली एक कागद लागतो आणि तो कागद त्याच्याकडे असणार नाही, अशी आपणच व्यवस्था केली आहे.

कायद्याकडे या पोराला द्यायला काय आहे? तडीपारी आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 55 टोळ्यांसाठी, कलम 56 एकेकट्यासाठी. दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. परभणीचा तडीपार नांदेडला किंवा हिंगोलीला जाऊन राहतो, आणि तिथे ओळखी कुणाच्या कामी येतात हे तुम्ही ओळखलंच असेल. मग 1981 चा एमपीडीए आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी केलेल्या त्या कायद्यात पुढे वाळू तस्करही आले. त्याखाली एक वर्षापर्यंत खटल्याविना स्थानबद्ध करता येतं. या तरतुदी निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. ट्रॅक्टरच्या मालकासाठी त्या वापरल्या तर टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिला असेन. पण वीस वर्षांच्या लोकेशनवाल्यासाठी जिल्ह्याच्या हाती दोनच गोष्टी असाव्यात, बाहेर हाकलणं किंवा आत टाकणं, हे बरं नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट वयाची आहे. हाच पोरगा सतरा वर्षांचा असता तर त्याच्यासाठी 2015 चा बाल न्याय कायदा होता. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला मदत द्यायची तरतूद त्यात आहे आणि मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी महिना 4,000 रुपये आहेत. प्रत्यक्षात ते किती जणांच्या हाती पडतात हा वेगळा प्रश्न. निदान कागदावर रकाना आहे. एकोणिसाव्या वर्षी पकडला गेला की रकानाच नाही. सतरा आणि एकोणीस यांत त्याच्या मिशीखेरीज काय बदललं?

अगदीच काही नाही असंही नव्हे. 1958 चा परिविक्षा कायदा आहे. त्याचं कलम 6 सांगतं की जन्मठेपेहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या एकवीस वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात पाठवायचं तर न्यायालयानं कारण लिहावं आणि त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहावा. जिल्हा परिविक्षा अधिकारी हे पद महिला व बालविकास विभागाखाली आहे. पण गळ्यात इतकी कामं की तो अधिकारी जेलच्या दाराशी कधी उभा राहणार? जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फार कामाचे निर्देश दिले. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, त्यांनी पॅरालीगल स्वयंसेवक किंवा परिविक्षा अधिकारी पाठवून अडचण काय ते पाहायचं. महिनाभरात जामीनदार मिळालाच नाही तर न्यायालय अट सैल करण्याचा विचार करू शकतं. त्याच वर्षी केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठीची योजना आली. 2023 च्या नियमांनुसार कच्च्या कैद्याला जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत. जिल्हाधिकाऱ्यांची समिती, तिच्यात पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. चांगली योजना आहे. पण तिचं काम त्याला दाराबाहेर काढून संपतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 चंही तसंच. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की, काही अपवाद सोडून, त्याला जातमुचलक्यावर सोडावं असं ते म्हणतं. सोडावं, बरोबर. पुढे?

पुढचा विचार महाराष्ट्रात झालाच नाही असं नाही. औंध संस्थानात 1939 साली राजे भवानरावांच्या काळात मॉरिस फ्रिडमन यांच्या आग्रहानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भिंत नसलेली कैद्यांची वसाहत. बायकामुलांसह राहायचं, शेती करायची. गदिमांनी त्यावर कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, 1957 साली. सिनेमा सगळ्यांना आठवतो, वसाहत कुणाला आठवत नाही. ती आजही कारागृह विभागाच्या यादीत आहे. पैठणलाही खुलं कारागृह आहे, ज्या जायकवाडीच्या कालव्याचं पाणी आपल्या जिल्ह्यात येतं तिथेच. पण तिथे पोचायला आधी शिक्षा व्हावी लागते आणि बरीच वर्षं चांगली वर्तणूक दाखवावी लागते. आपला वीस वर्षांचा कच्चा कैदी त्या फाटकापर्यंत जाणारच नाही. 1980 ते 83 या काळात न्यायमूर्ती मुल्ला समितीनं सुटकेनंतरच्या आधारावर तपशिलात लिहिलं. त्यानंतर आदर्श कारागृह नियमावल्या आल्या, 2023 चा आदर्श कायदाही आला. प्रत्येकात त्यावर एक प्रकरण आहे. पगारी माणूस कुठेच नाही.

पगारी माणूस ठेवून काय होतं ते मुंबईत दिसलं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’नं 1990 पासून आर्थर रोड तुरुंगात आणि पोलीस ठाण्यांत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसवले. ते कैद्याच्या घरी निरोप देतात, वकील गाठून देतात, आणि सुटल्यावर काही जणांना एखाद्या संस्थेत मानधनावर शिकाऊ म्हणून लावतात, म्हणजे त्याला पहिला मालक मिळतो आणि मालकाला पगाराचा बोजा पडत नाही. शेजारच्या हैदराबादेत चंचलगुडा तुरुंगानं, हो, निजामाच्याच जमान्यातल्या त्या तुरुंगानं, पेट्रोल पंप काढले आणि तिथे सुटलेल्या कैद्यांना काम दिलं. सोलापूर ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 2021 मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर धाड घालून थांबायचं नाही, त्या घराला दुसरा धंदा लावून द्यायचा, अशी त्याची रीत. मला ते आवडलं, पण एक शंका राहते: अधिकारी बदलून गेला की असं काम कुणाच्या अंगावर पडतं?

बाहेरचं एक उदाहरण देतो, कारण ते नेमकं पैशाचं आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचे तुरुंग इतके खच्चून भरले की 2011 मध्ये राज्यानं किरकोळ गुन्ह्यांचे कैदी आणि सुटलेल्यांवरची देखरेख काउंटीकडे, म्हणजे त्यांच्या जिल्ह्यांकडे सोपवली, आणि त्यासाठी पैसाही दिला. खर्चाचा आराखडा काउंटीतल्या समितीनं करायचा, जिचा प्रमुख मुख्य परिविक्षा अधिकारी. ऐकायला किती छान. प्रत्यक्षात अनेक काउंट्यांत मोठा वाटा शेरीफच्या कोठड्यांकडे आणि पोलिसी कामाकडे वळला. त्याच राज्यात लॉस एंजेलिसमध्ये ग्रेग बॉइल या पाद्र्यानं 1988 पासून टोळीतल्या पोरांसाठी काम उभं केलं. 1992 मध्ये बेकरी काढली, आणि एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या टोळ्यांची पोरं एकाच ओट्यावर कणीक मळू लागली. तिथे अंगावरचं टोळीचं गोंदणही फुकट काढून देतात. आपल्याकडे गोंदण इन्स्टाग्रामवर असतं, ते काढणं जास्त अवघड.

आता आपल्या पैशाकडे येतो. जिल्हा वार्षिक योजना शेकडो कोटींची असते. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. रस्ते, शाळाखोल्या, रोहित्रं यांच्याबरोबर अनेक जिल्ह्यांत यातून पोलिसांना गाड्या मिळाल्या, चौकाचौकात सीसीटीव्ही लागले. मार्च जवळ आला की निधी परत जाऊ नये म्हणून किती धावपळ होते ते इथे बसलेल्या निवृत्त अधिकाऱ्यांना ठाऊक आहे. त्याच योजनेत ‘नाविन्यपूर्ण योजना’ हे शीर्ष आहे. माझी मागणी त्या शीर्षाखालची आहे आणि ती मोठी नाही. दोन प्रशिक्षित समाजकार्यकर्ते, पूर्ण वेळ, पगारी. त्यांच्याबरोबर एक असा माणूस जो स्वतः या वाटेनं गेलेला आणि परतलेला आहे. पोरं त्याचं ऐकतील, माझं नाही. जामीनदार मिळत नसेल तिथे न्यायालयासमोर जातमुचलक्यासाठी अर्ज. सुटकेच्या संध्याकाळी दारात वाहन. पहिल्या आठवड्यात आधार, बँक खातं, मुद्देमालातला मोबाइल परत मिळवण्याचा अर्ज. आणि नव्वद दिवस कामाच्या बदल्यात मानधन: आयटीआयच्या कार्यशाळेत, कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, ठिबक बसवणाऱ्याच्या हाताखाली, जिथे घेतील तिथे, तारखेच्या आणि हजेरीच्या दिवशी पैसे न कापता. ज्याला गावात परत गेलं की मार बसणार आहे, त्याच्यासाठी शहरात खोली. माझ्या अंदाजानं हे सगळं वर्षाला पंचवीस-तीस लाखांत बसतं.

नव्वद दिवसच का, असं कुणी विचारेल. मी जी प्रकरणं जवळून पाहिली त्यांत पोरगा परत गेला तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत गेला. उसनवारी तुंबते, घरी टोमणे सुरू होतात, आणि रात्री अकराला फोन वाजतो. तो काळ पार पडला तर पुढे निदान त्याला नाही म्हणायला जागा असते.

एका बाबतीत मी हट्टी आहे. ही योजना पोलिसांच्या यादीवर चालता कामा नये. अमुक टोळीचा सदस्य म्हणून नाव लिहून घ्यायचं आणि मग मदत द्यायची, असं झालं तर मदत घेणाऱ्याच्या कपाळावर शिक्का बसेल आणि पुढच्या तडीपारीच्या प्रस्तावात तीच यादी जोडली जाईल. आपल्या मुलखाला यादीचा इतिहास आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मानंच माणसं गुन्हेगार ठरवली, सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट केली आणि तिला सुधारणा म्हटलं. 1952 मध्ये तो कायदा गेला. पारधी वस्तीवर रात्री येणारी जीप गेली नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये, सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमांतला जातिभेद रद्द करावा लागला. इतकी वर्षं तो नियमात छापलेला होता. म्हणून वय, सुटका आणि त्याची तयारी, एवढ्या तीनच अटी ठेवा. अठरा ते पंचवीस, जेलातून सुटला, आणि स्वतःहून हो म्हणाला. कुठल्या ‘भाऊ’चा होता ते कुठल्याही कागदावर लिहू नका.

एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. ज्या तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर गेला, त्याच्या घरच्यांनी विचारलं की याला मानधन आणि आमच्या माणसाला काय, तर? प्रश्न रास्त आहे. खटला चालूच राहील, शिक्षा व्हायची असेल तर होईल, मानधनानं त्यात काही कमी होत नाही. जखमी कर्मचाऱ्याची भरपाई वेळेत मिळत नाही, हा अन्याय वेगळा आहे आणि त्यावर याच व्यासपीठावरून बोलायला हवं. पण त्याच पोराच्या हातून पुढच्या वर्षी दुसऱ्या तलाठ्यावर ट्रॅक्टर जाऊ नये, यात त्या घरच्यांचाही स्वार्थ आहे. काही पोरं मानधन घेऊन परत जातील, हेही आत्ताच सांगून ठेवतो. दहातली चार गेली तरी ओरड होईल आणि थांबलेल्या सहांची बातमी होणार नाही. म्हणून हिशेब आधी ठरवा: कोर्टाच्या किती तारखांना तो हजर राहिला, नव्वदाव्या दिवशी त्याची मजुरी कोण देतंय, आणि त्याचा जामीनदार कुणाचा माणूस आहे. हे तीन आकडे दर तिमाहीला नियोजन समितीपुढे आले तरी मला चालेल.

प्रस्ताव जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडून जायला हवा, कारण परिविक्षा अधिकारी त्यांच्याकडे आहेत. सोबत विधी सेवा प्राधिकरणाची आणि कारागृह अधीक्षकांची पत्रं लागतील. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची जुळवाजुळव दिवाळीच्या आसपास सुरू होते, तेव्हा वेळ फार नाही. दोन पानी मसुदा मी बरोबर आणला आहे. बार असोसिएशनच्या मंडळींनी आणि आज इथे आलेल्या समिती सदस्यांनी तो चहाच्या वेळी माझ्याकडून घ्यावा, आणि जामीनदाराबद्दलच्या कलमात कायद्याची चूक असेल तर पेनानं तिथेच दुरुस्त करून द्यावी.